अनंत येत नाही

जगूकाका मयेकर वाईट माणूस होते. हे आधीच सांगून टाकतो, कारण त्यांच्या बाराव्याच्या जेवणाला जो तो म्हणत होता, "तोंडाने फटकळ हो, पण आतून फणसाचा गरा." रत्नागिरीच्या बाजारात त्यांच्या शेजारच्या गाळ्यात मी बावीस वर्षं चष्म्याचं दुकान चालवलं. दोन दुकानांच्या मधे प्लायवूडची भिंत, तीही छतापर्यंत न पोचलेली. त्यांचं सगळं बोलणं मला ऐकू यायचं, माझं त्यांना. बावीस वर्षांत काटे मोप लागले. गरा काही माझ्या वाट्याला आला नाही.

उंचीने बेताचे, मान कायम पुढे आलेली, अंगात बाह्यांची बनियन आणि वर कधीच न लावलेल्या बटणांचा शर्ट. डोळ्यांवर जाड बायफोकल. तो मीच बनवायचो. वरच्या भागातून लांबचं, खालच्या चकतीतून जवळचं. चष्मा काढला की वीतभर अंतराच्या पुढे त्यांना सगळा धुरळा. पण वीतभर अंतरातलं असं दिसायचं की घड्याळजीने लाजावं. मला ते नावाने कधी हाक मारत नसत. "चष्म्या" म्हणायचे. "तू काचा विकतोस मेल्या," असं गिऱ्हाइकांसमोर सांगायचे. "काचेला कायपण चालतं. भिंगाला डोळा लागतो." माझं गिऱ्हाईक हसायचं, मीही हसायचो. हसल्याशिवाय शेजार टिकत नाही.

धंदा कॅमेरे दुरुस्तीचा. फिल्म गेली तेव्हा दुकान बंद पडायला आलं होतं. मग आरसा नसलेले नवे कॅमेरे आले आणि जगूकाकांचे दिवस पालटले. त्याचं असं आहे, जुन्या कॅमेऱ्याच्या पोटात एक आरसा असायचा. भिंगातून आलेलं चित्र तो वर फेकायचा, तेव्हा आपल्या डोळ्याला दिसायचं. त्या आरशाला हलायला जागा हवी, म्हणून भिंग फिल्मपासून चांगलं पावणेदोन इंच लांब बसवलेलं असायचं. नव्या कॅमेऱ्यातून आरसा गेला आणि कॅमेरा चपटा झाला. जुनं भिंग त्यावर तसंच ठेवलं तर फारच जवळ येतं. मग आरशाची गेलेली जागा भरून काढायला मधे एक पोकळ कडं बसवतात. एका बाजूचा घाट भिंगाचा, दुसऱ्या बाजूचा कॅमेऱ्याचा, आणि जाडी बरोबर तेवढी, जेवढी आरशाने सोडली. सगळं जग त्याला अडॅप्टर म्हणतं. जगूकाका बांगडी म्हणायचे. मागच्या खोलीतल्या लहान लेथवर ते ती स्वतः घडवायचे.

आमच्याकडे घरोघरी कोणी ना कोणी बोटीवर होता. त्या काका-मामांनी जपानहून, जर्मनीहून आणलेली भिंगं कपाटांत पडून होती. ती घेऊन लोक चिपळूणहून, देवरुखहून, लांज्याहून यायचे. जगूकाका तीन प्रश्न विचारायचे. भिंग कुठलं, कॅमेरा कुठला, आणि काढणार काय. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आवडलं नाही तर बांगडी मिळत नसे. "बायकोचे फोटो," असं एक जण म्हणाला. त्याच्या मोबाइलमधला बायकोचा फोटो बघून जगूकाका म्हणाले, "मग मोबाइलच बरा. जितकं कमी दिसेल तितकं तुझ्या फायद्याचं." बाई शेजारीच उभी होती.

मोटारवाल्या बांगडीचा त्यांना तिटकारा. जुनं भिंग हाताने फिरवायचं असतं. हल्ली अशी बांगडी मिळते की तीच आतून मोटारीने पुढेमागे होते आणि फोकस आपोआप लागतो. कोणी ती मागितली की म्हणायचे, "आजोबांना चाकं लावून पळवणार काय? आधी त्यांच्या गतीने चालायला शिक."

लांज्याचे एक डॉक्टर आले होते. वडील बोटीवर होते, त्यांचं भिंग डब्यातून काढून त्यांनी अलगद काउंटरवर ठेवलं.  जगूकाकांनी भिंग उजेडाकडे धरलं. आत बुरशीची जाळी पसरली होती. आमच्या हवेत चार पावसाळे डबा उघडला नाही की बुरशी धरतेच.

"वडील कधी गेले?"

"झाली आठ वर्षं."

"शेवटी तुमच्याकडेच होते?"

"नाही, गावाला. मला दवाखाना सोडून निघता येत नसे."

"वाटलंच. जसं भिंग सांभाळलंत, तसेच वडील सांभाळले असणार."

डॉक्टर भिंग ठेवून निघून गेले. पंधरा दिवसांनी आले तेव्हा बुरशी साफ, बांगडी तयार, भिंग नव्यासारखं. त्यांनी हात जोडले. जगूकाका म्हणाले, "भिंगाचं होतं ते केलं. वडलांचं काही माझ्याच्याने होण्यासारखं नाही." लोक म्हणतील, काम तर चोख केलं ना! केलं. पण तो माणूस पायरी उतरताना कसा उतरला ते मी बघितलंय.

देवरुखच्या कॉलेजातल्या एका प्राध्यापकांचा कॅमेरा जुन्या, आरशाच्या जातीचा होता. त्यात बांगडीला जागाच पुरत नाही. बाजारातल्या बांगडीवाल्यांनी त्यावर तोड म्हणून आत एक छोटी काच बसवलेली असते, म्हणजे लांबचं दिसतं, पण चित्र पाणचट होतं. प्राध्यापकांनी ती बांगडी मोठ्या कौतुकाने दाखवली. जगूकाकांनी पकडीने आतली काच उपटली आणि भिंतीवरून माझ्या काउंटरवर टाकली. "चष्म्या, ही घे, तुझी जात. भिंगाला चष्मा लावून आलाय हा!"

"अहो पण, मग लांबचं कसं दिसणार?" प्राध्यापक रडवेले झाले होते.

"नाही दिसणार. लांबचं बघायचं तर कॅमेरा बदला. भिंगाशी खोटं बोलायचं नाही."

हे मात्र खरं. माणसांशी ते कसेही वागोत, भिंगाच्या बाबतीत जगूकाका खोटं बोलत नसत. वाईट भिंगाला वाईट म्हणायचे, ते स्वतःचं असलं तरी. सबंध माणसातल्या ह्या एकाच गोष्टीवर माझा विश्वास होता. त्यांच्या मुलीचाही होता.

प्रत्येक भिंगाच्या रिंगवर अंतराचे आकडे असतात आणि सगळ्यांत शेवटी एक आडवा आठ. तो अनंत. रिंग तिथवर फिरवली की दूरचं सगळं, डोंगर, समुद्रातल्या होड्या, चंद्र, रेखीव आलं पाहिजे. बांगडी केसभर पातळ झाली तर बिघडत नाही, रिंग जरा अलीकडे थांबवायची. पण जाड झाली तर अनंत येतच नाही. रिंग शेवटाला जाऊन अडते आणि लांबचं पुसट ते पुसटच. म्हणून जगूकाका प्रत्येक बांगडी मुद्दाम केसभर पातळ ठेवायचे. "पातळ चालेल, जाड नाही" हे वाक्य मी भिंतीपलीकडून इतक्यांदा ऐकलंय की माझ्या मुलांनाही पाठ होतं.

बांगडी झाली की ते गच्चीवर जायचे. आमच्या गच्चीवरून किल्ल्यावरचं दीपगृह दिसतं. कॅमेरा कठड्यावर टेकवून रिंग फिरवायचे आणि दीपगृह रेखीव झालं की वरूनच ओरडायचे, "आला! अनंत आला!" नाही झालं तर "अनंत येत नाही, अनंत येत नाही" असं पुटपुटत परत लेथकडे. एकदा मिऱ्याच्या एक आजी माझ्याकडे चष्म्यासाठी बसल्या होत्या. त्यांनी काळजीने भिंतीपलीकडे विचारलं, "कोण वो अनंत? मुलगा काय तुमचा?"

"नाही हो. मुलगा असता तर आला असता," जगूकाका म्हणाले. "मुलगी आहे. यायला नको होती, ती आली."

नीता मागच्या खोलीत लेथचा चुरा झाडत होती. झाडूचा आवाज थांबला. जरा वेळाने परत सुरू झाला.

नीता त्यांची एकुलती एक. आई तिच्या लग्नाआधीच गेलेली. चिपळूणला दिली होती. नवरा हात उगारायचा. सहा वर्षं तिने काढली आणि एका सकाळी एक पिशवी घेऊन बापाच्या दुकानाच्या पायरीवर येऊन उभी राहिली. मी शटर उघडत होतो. जगूकाकांनी तिला नखशिखांत बघितलं. "किती दिवस?" एवढंच विचारलं. ती म्हणाली, "आता इथेच." ते म्हणाले, "मग झाडू घे. मागे चुरा पडलाय."

ती दुकानात वाढलेली. स्क्रू, भिंगं, रिंगा, सगळं तिच्या हातातलं. तिने जुना, पण नव्या जातीचा एक कॅमेरा घेतला, नुसती बॉडी, भिंगाशिवाय. जगूकाकांच्या कपाटात चाळीस भिंगं होती आणि बुरशी धरू नये म्हणून आत बल्ब सदा पेटता. तिने एक मागितलं. ते उत्तरच देईनात. तीन महिने ती रोज सकाळी कपाट पुसायची आणि ते बघत बसायचे. माझ्याच्याने राहवेना, एकदा म्हटलं, "काका, एक देऊन टाका की तिला." ते म्हणाले, "तुझी मुलगी परत आली की तिला दे."

आणि एके दिवशी स्वतःहून कपाट उघडलं. पंच्याऐंशी मिलिमीटरचं भिंग काढलं. माणसांचे फोटो काढायला ह्यासारखं भिंग नाही असं ते नेहमी म्हणायचे. दोन दिवस लेथवर बसून बांगडी घडवली, चार स्क्रूंनी तिच्यावर कॅमेऱ्याच्या बाजूचं कडं बसवलं, भिंग कॅमेऱ्यावर चढवलं आणि म्हणाले, "धर गो. ह्याने काढ." नीता माझ्या काउंटरला येऊन रडली. मलाही वाटलं, चला, म्हाताऱ्याच्या आत काहीतरी आहे. एकच गोष्ट त्या दिवशी मला खटकली. ते गच्चीवर गेले नाहीत. विचारलं तर म्हणाले, "गुडघा दुखतोय." मी सोडून दिलं.

वर्षभर तिने बारशी, साखरपुडे, डोहाळजेवणं काढली. चेहरे असे काढायची की बायका आपलाच फोटो हातात घेऊन बघत बसायच्या. मग पुण्याहून एका प्रकाशकांचं बोलावणं आलं. कोकणच्या किनाऱ्यावर मोठं चित्रांचं पुस्तक करायचं होतं, खाड्या, किल्ले, दीपगृहं. नमुन्याचे दहा फोटो पाठवायचे. पसंत पडले तर वर्षभराचं काम, शिवाय राहायची सोय. नीताने घरी सांगायच्या आधी मला सांगितलं. "दादा, मला इथून सुटायचंय हो," म्हणाली. इतक्या साध्या आवाजात म्हणाली की मी मान वर केली नाही.

दहा दिवस ती भाट्याला, मिऱ्याला, किल्ल्यावर हिंडली. फोटो पुसट. तिने बापाला दाखवले. "बाबा, लांबचं सगळं मऊ येतंय."

"भिंगाला नावं ठेवू नकोस. त्या भिंगाने मी अख्खा किल्ला काढलाय. तुझा हात कापत असेल."

तिने तिकाटण्यावर कॅमेरा लावला, श्वास धरून काढले. तसेच. बांगडी तपासून बघावी असं तिच्या मनातही आलं नाही. माझ्याही आलं नाही. जगूकाकांची बांगडी तपासायची म्हणजे देवळात नारळ द्यायचा आणि पुजाऱ्याकडे पावती मागायची. शेवटी त्यातल्या त्यात बरे दहा तिने पाठवले. उत्तर आलं, "नजर चांगली आहे, पण फोटो स्पष्ट नाहीत." जगूकाकांनी तिचा फोन घेतला आणि दुकानातल्या चार माणसांना ते वाचून दाखवलं. "ऐका हो! नजर चांगली आहे म्हणे. फक्त दिसत नाही!" लोक हसले. मीही भिंतीअलीकडे हसलो असेन. आठवत नाही असं म्हणणं सोयीचं आहे.

"डोळे तपासून घे जा," ते तिला म्हणाले. "शेजारी चष्म्या बसलाय, त्याचा तरी काय उपयोग!"

दुसऱ्या दिवशी दुपारी, ते घरी जेवायला गेलेले असताना, ती खरंच आली. खुर्चीत बसली आणि म्हणाली, "दादा, माझे डोळे बघा. खरं काय ते सांगा." मी तक्ता लावला. शेवटची ओळ तिने अडखळल्याशिवाय वाचली. परत वाचायला लावली, उलटी वाचली. डोळ्यांत काडीचा दोष नव्हता. ती तक्त्याकडे बघत राहिली. मग कॅमेऱ्यावरची बांगडी फिरवून काढली आणि माझ्यासमोर ठेवली. 

माझ्याकडे काचेची जाडी मोजायचं कॅलिपर आहे. आणि माझ्याकडे जगूकाकांचीच एक बांगडी होती, माझ्या भिंगासाठी बारा शिव्या देऊन घडवलेली, त्याच घाटाची. आधी माझी मोजली. मग तिची. मी आकडा मोठ्याने वाचलाच नाही, तिने माझ्या खांद्यावरून वाचला. अर्धा मिलिमीटर जाड. पंच्याऐंशीच्या भिंगाला अर्धा मिलिमीटर म्हणजे जेमतेम पन्नास फुटांपर्यंतचं दिसणार. त्यापुढे सगळं पुसट, मग हात कापो की न कापो.

"चुकले असतील," मी म्हटलं.

ती माझ्याकडे बघून म्हणाली, "तसंच असू दे देवा."

जगूकाका परतले तेव्हा ती त्यांच्या समोर उभी राहिली. मी भिंतीअलीकडे, हातातलं काम थांबवून. "बाबा, बांगडी अर्धा मिलिमीटर जाड आहे. चूक झाली का?" असं तिने विचारलं. इतक्या मऊ आवाजात, की आंधळ्यालाही कळलं असतं ती काय मागतेय. हो म्हणा, झाली चूक, वय झालं. एवढं म्हटलं असतं तर तिने त्यांच्या गुडघ्याला तेल लावलं असतं आणि पुढची वीस वर्षं तिथेच काढली असती.

"चूक?" जगूकाका म्हणाले. "माझ्या हातून? अर्धा मिलिमीटर? चष्म्याच्या हातून होईल तेवढी चूक. माझ्या हातून केसाची होत नाही. जाड ठेवली मी ती."

"का?"

"पन्नास फुटांत सगळी रत्नागिरी बसते. बारशी बसतात, लग्नं बसतात. मी बसतो. लांबचं बघायला गेली होतीस ना एकदा? चिपळुणात? काय दिसलं?"

नीताची पावलं मागच्या खोलीकडे गेली. तिला बोलायची सवयच ठेवली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती माझ्या दुकानात आली आणि एक सपाट काच मागितली. तिच्यावर पॉलिश पेपर ताणून चिकटवला, बांगडीचे चार स्क्रू काढले, कडं वेगळं केलं आणि उरलेला नळीचा तुकडा काचेवर गोल गोल घासायला बसली. घासायची, पुसायची, माझ्या कॅलिपरने चार ठिकाणी मोजायची, परत घासायची. ॲल्युमिनियमचा करडा चुरा तिच्या नखांत गेला होता. चार दुपारी हे चाललं. प्लायवूडपलीकडे जगूकाका बसलेले. चार दुपारी तो खर्र खर्र आवाज त्यांनी ऐकला आणि एक अक्षर बोलले नाहीत. एवढा वेळ ते गप्प बसलेले मी कधी बघितले नव्हते.

चौथ्या दिवशी ती गच्चीवर गेली. मला वाटलं, आता ओरडेल. ओरडली नाही. खाली आली, माझ्या काउंटरसमोर उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "आला."

पुस्तकाचं काम तोवर दुसऱ्याला गेलं होतं. पण नवे फोटो बघून त्याच लोकांनी तिला पुण्यात एका स्टुडिओत चिकटवून दिलं. निघायच्या सकाळी ती एसटी स्टँडवर जाताना माझ्याकडे आली. बापाचा निरोप घेतला की नाही, मी विचारलं नाही. ती म्हणाली, "दादा, बाबांचा चष्मा तुम्हीच करता ना?"

"मीच करतो."

"पुढच्या वेळी नुसता जवळचा द्या त्यांना."

मला थट्टा वाटली. तिच्या तोंडाकडे बघितलं, ती थट्टा नव्हती. पिशवी खांद्याला अडकवून ती निघून गेली. पिशवी तीच होती, चिपळूणहून आणलेली.

सात-आठ महिन्यांनी जगूकाकांच्या चष्म्याला चरे पडले. नवा करायला टाकला. मी नंबर तपासला, होता तोच. बायफोकल काच मागवायची, एवढंच काम. मी मागवली नाही. साधी काच मागवली, नुसता जवळचा नंबर. कोणी म्हणेल, नीतासाठी केलं. अंशतः खरं आहे. पण काच फ्रेममध्ये बसवताना मला बरं वाटत होतं, आणि त्या बरं वाटण्यात नीता फारशी नव्हती. त्यात बावीस वर्षं ऐकलेलं "चष्म्या" होतं.

त्यांनी चष्मा लावला. आधी स्वतःची नखं बघितली. मग खिशातून एक भिंग काढून त्याच्या रिंगवरचा बारीक नंबर वाचला. मान डोलावली. मग डोळे वर करून रस्त्याकडे बघितलं. बराच वेळ. चष्मा काढला, पुसला, परत लावला, परत रस्त्याकडे बघितलं.

"चष्म्या, अनंत येत नाही."

"नाही येत," मी म्हटलं.

"चुकलास?"

हो म्हणता आलं असतं. चुकलो काका, बदलून देतो. जीभ उचलली गेली ती भलत्याच वाक्याला. "नंबराच्या बाबतीत मी चुकत नाही," मी म्हणालो.

ते माझ्याकडे बघत राहिले. काउंटरपलीकडून त्यांना माझं तोंड नीट दिसत नसणार. मग हसले. बावीस वर्षांत मला बघून ते पहिल्यांदाच असे हसले असतील, बरोबरीच्या कारागिराला हसावं तसे.

"नीताने सांगितलं?"

"हो."

"हां," म्हणाले. "मग बरोबर आहे." आणि तोच चष्मा लावून, भिंतीला हात धरत, आपल्या गाळ्यात गेले. बदलून मागितला नाही. दुसऱ्याकडेही गेले नाहीत. गच्चीवर जाणं बंद झालं. बांगड्या घडवायचे, पण आता गिऱ्हाइकालाच वर पाठवायचे. "जा, अनंत येतो का बघ आणि मला सांग." गिऱ्हाईक वरून ओरडायचं, "आला, आला!" आणि हे खाली बसून, "आला म्हणतोय. तू बघून ये रे चष्म्या," म्हणायचे. मी जात नसे.

त्यांना जाऊन आता वर्ष होईल. त्या गाळ्यात मोबाइलची कव्हरं विकतात. मला ते आठवतात ते जाण्याच्या आधीच्या एका दुपारचे. दुकानाच्या दारात स्टुलावर बसले होते, मांडीवर फडकं, हातात बुरशी धरलेलं एक भिंग. मी बाजूला उभा. रस्त्याच्या पलीकडे, तीसेक फुटांवर, रिक्षा थांबतात तिथे नीता उभी होती. केस कापलेले, अंगाने जरा भरलेली. गळ्यात तोच कॅमेरा, तेच भिंग. मी तिला ओळखलं, तिने मला. तिने नुसती मान हलवली, नको म्हणून.

जगूकाकांनी मान वर केली. डोळे बारीक केले.

"समोर कोण आहे रे?"

"कुठे?"

"रिक्षांपाशी. कोणीतरी उभं आहे. डोळ्याला काहीतरी लावलंय."

नीताने कॅमेरा उचलला होता. ती सावकाश रिंग फिरवत होती.

"कोणी पर्यटक असेल," मी म्हटलं.

"हाताने फिरवतंय काय?" त्यांनी विचारलं.

 ते तिच्याकडे बघत राहिले, चांगलं अर्धं मिनिट, मान पुढे काढून. मग तिने कॅमेरा खाली घेतला आणि स्टँडच्या बाजूला चालू लागली. तिच्या पाठीकडे ते बघत होते की तिच्या जागी उभ्या राहिलेल्या रिक्षाकडे, मला सांगता येणार नाही.

थोड्या वेळाने माझा फोन वाजला. तिने फोटो पाठवला होता, खाली शब्द नाही. जगूकाका दारात बसलेले. दाढीचे खुंट मोजून घ्यावेत इतके रेखीव, मागे आतल्या खोलीतला लेथही रेखीव. डोळे थेट भिंगात रोखलेले, आणि त्या डोळ्यांत ओळख नाही.

"काय बघतोस एवढं?" त्यांनी विचारलं.

स्टुलावरून त्यांनी मान जरा वळवली असती तर फोन त्यांच्या नाकापासून फूटभरावर आला असता. फूटभरावरचं त्यांना सगळं दिसायचं. तेवढ्यासाठीच तर मी तो चष्मा केला होता.

"काही नाही," म्हणालो आणि फोन खिशात टाकला.

त्यांनी मांडीवरचं फडकं उचललं. मग मान खाली घालून परत भिंगातली बुरशी पुसायला लागले.